उरलेले सात खडू

नाशिकमधील एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो आणि तृतीय वर्षाच्या वर्गाकडून दरवर्षी एखादी शांतताबोलणी करवून घेतो. यंदा २९ जुलै १९८७ चा भारत-श्रीलंका करार निवडला होता. त्यावर राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्या सह्या होत्या. ज्यांच्या हातात बंदुका होत्या, त्या ‘लिट्टे’ची, म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या संघटनेची, सही नव्हती. करारापूर्वी तिचा नेता प्रभाकरन याला दिल्लीत अशोक हॉटेलात ठेवले होते, म्हणून त्याची भूमिका घेतलेल्या मुलीला मी शस्त्रे म्हणून दहा लाल खडू देऊन व्हरांड्यात बसवले. बाहेर जाऊन तिच्याशी बोलण्याची मुभा भारताच्या गटाला होती, आणि तसे फळ्यावर लिहिलेही होते.

चाळीस मिनिटांत एकही जण उठला नाही. उत्तर आणि पूर्व प्रांतांच्या एकत्रीकरणावर मुले तावातावाने भांडली. शस्त्रे ७२ तासांत खाली ठेवण्याचे कलम मात्र एका वाक्यात उरकले. टाळ्या ऐकून ती आत आली, तिने कागद वाचला, तीन खडू टेबलावर ठेवले आणि उरलेले सात ओढणीच्या टोकात बांधत विचारले, “सर, यात माझी सही कुठंय?”

करारानंतर भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेतून जाफन्यात लढलेले देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार त्या दिवशी पाहुणे होते. मागच्या बाकावरून ते म्हणाले, “ते सात गोळा करायला आम्हाला पाठवलं होतं.” करारानंतर तीन महिन्यांच्या आतच, ऑक्टोबरमध्ये, जामीन राहिलेला भारत स्वतःच लढाईत ओढला गेला, आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतेपर्यंत आपले सुमारे १२०० जवान कामी आले.

अशा अपयशांना मी इतकी वर्षे ‘राजकीय इच्छाशक्तीचा अभाव’ असे लिहून देत आलो. परीक्षेला सोयीचे उत्तर आहे, आणि मध्यस्थालाही. पुढे मध्यस्थ झालेल्या नॉर्वेने २००२ च्या युद्धविरामानंतर ‘लिट्टे’ला समोर बसवले खरे, पण एप्रिल २००३ मध्ये मदतदार देशांची बैठक वॉशिंग्टनला भरली आणि अमेरिकेत बंदी असल्यामुळे ते पुन्हा दाराबाहेर राहिले. त्याच महिन्यात त्यांनी बोलणी थांबवली. तक्रारी इतरही होत्या, पण निमित्त हे पुरले.

भारताच्या गटातला एक मुलगा हट्टाने विचारत राहिला, की राजीव गांधी प्रभाकरनला भेटले होतेच, मग आम्ही बाहेर गेलो असतो तरी काय फरक पडला असता? ती भेट बहुतांशी ठरलेले गळी उतरवण्यासाठी होती, असे मी सांगू लागलो, तेवढ्यात सुभेदार म्हणाले, “तिनं ऐकलं नसतं कदाचित. पण ओढणीत किती राहणार, याचा अंदाज तरी सहीआधी आला असता.”