एका रविवारचे दोन आकडे

मी नाशिकला गंगापूर रोडला घरी बसून पुण्याच्या घोड्यांच्या रेसची स्पीड रेटिंग, म्हणजे कोणता घोडा किती वेगात पळाला याचे आकडे, काढतो, असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "मग उद्याचा घोडा कोणता?" मी एक रुपयाही लावत नाही. एका रेस-पुस्तिकेला आकडे पुरवतो, बस्स.

काम ऐकायला सोपं आहे. जिंकलेल्या घोड्याची वेळ त्या अंतराच्या, त्या वर्गाच्या नेहमीच्या वेळेशी ताडून बघायची. पण पुण्याचा सीझन पावसाळ्यातला आणि ट्रॅक गवताचा. पाय रुतायला लागले की चांगला घोडाही रेंगाळतो. म्हणून ट्रॅकने दर २०० मीटरला किती वेळ खाल्ला ते काढायचं आणि तेवढा वजा करायचा. सकाळी पेनिट्रोमीटर जमिनीत घुसवून मऊपणा मोजतात, पण तो सकाळचा. नाशिककर जसा पूर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून जोखतो, धरणातून किती क्युसेक सोडले यावरून नाही, तसा मी ट्रॅक घड्याळावरून जोखतो.

त्या रविवारी पहिल्या तीन रेस बऱ्या झाल्या. दर २०० मीटरला जेमतेम ०.०७ सेकंद. चौथीच्या तोंडावर पाऊस कोसळला. सहावी आणि सातवी बघितली, तर तोच आकडा ०.२४.

संपादकांचा फोन आला. "सरासरी काढ आणि पाठव. दिवसाला एकच आकडा असतो."

"काका, सरासरीचा ट्रॅक त्या दिवशी कुठे नव्हताच. तीन रेस एका ट्रॅकवर पळाल्या, तीन दुसऱ्या."

ते गप्प. मग मी तिसरी आणि पाचवी समोर ठेवली. दोन्ही १२०० मीटर, वर्गही एकच. तिसरीचा विजेता १:११.०, पाचवीचा १:१२.१. नुसतं घड्याळ बघितलं तर पाचवीवाला टाकाऊ. आता १२०० मीटरमध्ये २०० चे सहा तुकडे. तिसरीतून ०.४ वजा, पाचवीतून १.४. दोघंही १:१०.६ ते १:१०.७ मध्ये आले. आणि पाचवीवाल्याच्या पाठीवर जॉकी धरून ६० किलो होते, तिसरीवाल्याच्या ५३. म्हणजे पाचवीवाला सरळ सात किलोंनी सरस. सरासरी लावली असती तर १.१ सेकंदाचा फरक तसाच राहिला असता. सेकंदाला साधारण सहा लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) आणि या अंतराला लेंग्थमागे किलोभर धरलं, की तो फरक सात किलोंचा होतो. वजनाचा सगळा फायदा तिथेच गिळला जाऊन दोघे बरोबरीत छापले गेले असते. हँडिकॅप रेस, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात ती रेस, खेळणाऱ्याला सात किलो म्हणजे काय, हे काकांना मी सांगायची गरज नव्हती.

"बरं, दोन छाप. पण चौथी?"

चौथी १६०० मीटर, नेहमीच्या वेळेपेक्षा साडेतीन सेकंदांनी मागे. पाऊस होताच, पण खरं कारण वेगळं: पहिले ८०० मीटर सगळे जॉकी एकमेकांकडे बघत आले आणि शेवटच्या ६०० ला पळाले. अशा रेसवरून ना ट्रॅक कळतो ना घोडा. तिच्यापुढे मी रेघ मारून पाठवली.

पुस्तिका निघाली. सात किलोंबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. फोन आले ते एकाच कारणाने: "अहो, चौथीचे आकडे छापायचे राहिले का?"