निळसर सावली

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर उतरत्या उन्हात बसले की मला हटकून फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचे ‘बागेतील स्त्रिया’ हे चित्र आठवते. पॅरिसजवळच्या व्हिल-दाव्रे येथे १८६६ साली त्यांनी ते सुरू केले, तेव्हा ते जेमतेम पंचवीस वर्षांचे होते. सुमारे अडीच मीटर उंचीचे हे चित्र उघड्यावरच रंगवायचे, या निश्चयापायी त्यांनी बागेत चर खणून घेतला आणि वरचा भाग रंगवताना नजरेची पातळी बदलू नये म्हणून कॅनव्हास कप्पीने त्यात खाली उतरवला. बहुतेक आकृतींसाठी त्यांची प्रेयसी (पुढे पत्नी) कामीय दाँसिओ हिनेच बैठक दिली.

माझी नजर खिळते ती छत्री घेऊन बसलेल्या स्त्रीवर. तिचा पांढरा घेरदार झगा जमिनीवर पसरला आहे; त्यावर पडलेली सावली काळी नाही, तर निळसर आहे, आणि हीच मला या चित्रातील खरी नवलाई वाटते.

१८६७ च्या सलोनने, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनाने, हे चित्र नाकारले. तेव्हा मित्र फ्रेदेरिक बाझीय यांनी ते २,५०० फ्रँकला, दरमहा ५० फ्रँकच्या हप्त्यांनी विकत घेतले. ते आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान यांनीही याच रंकाळ्याचे बदलते प्रकाश रंगवले. पाण्यावरची सावली मीही लहानपणापासून पाहत आले. तिच्यातला निळा मात्र मला या चित्रांनी दाखवला.