आमची वाटचाल : पहिला अर्धा सेकंद

माझी मुलगी चार वर्षांची असताना तिच्याकडे बॅटरीवर चालणारी छोटी जीप होती, १२ व्होल्टची, मागच्या दोन्ही चाकांना एकेक मोटर. एक दिवस गाडी पुढे जाईना, नुसता कटकटकट आवाज, आणि ही पेडल दाबून माझ्याकडे बघत बसलेली. मी तेव्हा मोटर रिवाइंडिंग आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं काम करायचो, म्हटलं मोटर गेली असेल, काढून बघू. मोटर ठणठणीत. गिअरबॉक्स उघडला तर आतला पहिला नायलॉनचा गिअर, जो मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरला, म्हणजे पिनियनला, लागून असतो तो, त्याचे शेजारशेजारचे तीन दात सपाट झालेले आणि बाकीचे अगदी नवेकोरे, ग्रीससुद्धा जागच्या जागी. हे काही डोक्यातून जाईना. झिजलं असतं तर सगळीकडून झिजलं असतं ना, तीनच दात कसे?

पोरांच्या अशा गाड्या दुरुस्त करायचा आणि त्यांत वेग हळू चढवणारा कंट्रोलर बसवायचा आमचा धंदा त्या तीन दातांपासून सुरू झाला.

कारण कळायला आठवडा गेला. या गाड्यांचं पेडल म्हणजे ॲक्सिलरेटर नसतोच, बहुतेकांत साधा मायक्रोस्विच असतो, दिव्याचं बटण असतं तसा. पाय ठेवला की अख्खे १२ व्होल्ट मोटरवर, पाय काढला की शून्य. आणि मोटर थांबलेली असते तेव्हाच ती सगळ्यात जास्त करंट ओढते, कारण फिरायला लागल्याशिवाय तिच्यात उलटा व्होल्टेज, म्हणजे बॅक ईएमएफ, तयारच होत नाही. ५५० साइजची मोटर सपाट जमिनीवर चालताना थोडेच अँप घेते पण सुटताना तीसच्या वर सहज जाते, टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, तोही त्याच क्षणी सगळ्यात जास्त, आणि तो सगळा टॉर्क एकदोन दातांवर. पाय काढल्यावर परत तेच, फक्त उलट्या बाजूने. बऱ्याच गाड्यांत पेडल सुटलं की मोटरची दोन्ही टोकं आपसात जोडली जातात, तोच त्यांचा ब्रेक, गाडी गचकन थांबते आणि हिसका बसतो गिअरला. पोरं दिवसातून शंभर वेळा पाय ठेवतात काढतात, चालत्या गाडीत रिव्हर्स टाकतात ते वेगळंच. अशात एक दात मोडला की भार शेजारच्यावर येतो, मग पिनियन तिथेच घसरत राहतं आणि उरलेलं तासून काढतं. म्हणून तीन दात.

म्हणजे गाडी पळून खराब होत नव्हती, सुटताना आणि थांबताना खराब होत होती.

मग मी पेडलखाली हॉल सेन्सरचा थ्रॉटल बसवला, पेडल किती दाबलंय ते चुंबकाने ओळखणारा, ई-सायकलला असतो तसा तीन वायरींचा, लाल पाच व्होल्ट, काळी ग्राउंड आणि तिसरी सिग्नलची, आणि मध्ये एक आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्राम टाकता येतो असा छोटा बोर्ड, आणि मोटर ड्रायव्हर. ड्रायव्हर मोटरचा सप्लाय सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि चालू किती वेळ बंद किती वेळ यावर वेग ठरतो, यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. पण खरं काम प्रोग्राममधल्या चार ओळींचं होतं, पेडल कितीही जोरात दाबलं तरी वेग हळूहळूच चढणार. आधी चढायला दोन सेकंद ठेवले तर मुलगी म्हणाली बाबा गाडी आळशी झाली, आणि ती पेडलवर लाथा मारायला लागली. मग सेकंदाचा पाचवा भाग केला, तर धक्का तसाच. चार-पाच संध्याकाळी ती चालवतेय आणि मी लॅपटॉप घेऊन मागे पळतोय असं करत करत अर्ध्या सेकंदावर येऊन थांबलो, आणि थांबायला त्याहून थोडा कमी वेळ. अर्धा सेकंद म्हणजे पोराला कळत नाही आणि गिअरला पुरतो. आजही आमच्या बॉक्समध्ये, म्हणजे गाडीत बसवतो त्या कंट्रोलरमध्ये, सुरुवातीचं सेटिंग हेच असतं.

शेजारच्यांनी बघितलं, त्यांची गाडी आली, मग त्यांच्या बहिणीची, मग तिच्या ऑफिसमधल्या कुणाची. सहा महिन्यांत रिवाइंडिंगपेक्षा या गाड्याच जास्त यायला लागल्या. बायको म्हणाली, एक काय ते धर, आणि ती स्वतः टेबलावर येऊन बसली. क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवण्यात, तिचा हात माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगला आहे हे मला तेव्हा कळलं, आज आमच्याकडून बाहेर जाणारं प्रत्येक हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, तिच्या नजरेखालून जातं. भाऊ नंतर आला, तो गिअरबॉक्स बघतो.

सुरुवातीच्या काळातली एक चूक सांगतो कारण ती अजून लोक रोज करतात. येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं म्हणणं असायचं, दादा गाडी जरा पळायला पाहिजे हो. त्यातले बरेच जण ड्रिल मशीनची १८ व्होल्टची बॅटरी ॲडॉप्टर लावून १२ व्होल्टच्या गाडीत टाकून आणायचे किंवा आमच्याकडून टाकून घ्यायचे. आम्हीही टाकून दिल्या, नाही का म्हणा, गिऱ्हाईक खूष व्हायचं, गाडी दीडपट पळायची. पण वेग दीडपट होतो तेव्हा अडकलेल्या मोटरमध्ये उष्णता सव्वादोन पट होते, व्होल्टेजच्या वर्गाने वाढते ती. त्यात लोक चाकाला रबराची पट्टी मारायचे, आवाज कमी होतो आणि पकड येते म्हणून. आता प्लॅस्टिकचं चाक घसरायचं ना, तेच गिअरबॉक्सला वाचवत होतं, क्लचसारखं. पकड आली आणि घसरणं बंद झालं की सगळा भार आत. महिन्या-दोन महिन्यात त्याच गाड्या परत. शिवाय ड्रिलच्या बऱ्याच बॅटऱ्यांमध्ये व्होल्टेज खाली गेल्यावर बंद करायची सोय बॅटरीत नसते, मशीनमध्ये असते, त्यामुळे गाडीत ती पार खालपर्यंत ओढली जाते आणि सेल मरतात. आम्ही हे काम बंद केलं. गिऱ्हाईकं तुटली, काही जण रागावून गेले. ज्यांना खरंच जास्त वेग हवा असतो त्यांना आम्ही सांगतो, मोठी गाडी घ्या जिचं स्टिअरिंग आणि बूड त्या वेगासाठी बनवलेलं आहे, कारण दोन बाजूंना अरुंद अशी गाडी वळणावर उलटते ते कंट्रोलर थांबवू शकत नाही.

वायरिंगबद्दल बोलायला बसलो तर मी थांबत नाही. जुन्या गाडीचं सीट उचललं की मी आधी बॅटरीच्या चपट्या टर्मिनलचा रंग बघतो. पांढरी टोपी तपकिरी झाली असेल, कडेला वितळल्यासारखी, तर तिथे क्रिम्प ढिला आहे आणि तो रोज तापतोय. ढिल्या जोडात रेझिस्टन्स अगदी थोडा असतो पण करंट तीस अँप असला की तेवढाही पुरतो. १९९८ साली अमेरिकेत अशा बसून चालवायच्या गाड्यांचं प्रचंड मोठं रिकॉल झालं होतं, एक कोटीपर्यंत गाड्या, कारण इलेक्ट्रिकचे भाग तापून आग लागण्याचा धोका होता. एक कोटी! म्हणून आमच्याकडे फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वितीच्या आत बसतो, आणि फ्यूज वायर बघून ठरतो, मोटर बघून नाही. लोक काय करतात, फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा टाकतात, पातळ वायर तीच ठेवतात. मग फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते. हे कुणी केलेलं दिसलं की मला राग येतो, अजूनही येतो, कारण त्या वायरीवर मूल बसलेलं असतं.

आणि आता तो दिवस. तेव्हा आम्ही बाहेरून तयार कंट्रोलर मागवायचो, नाव नाही घेत, पाकिटावर ४० अँप लिहिलेलं. एक गाडी तयार करून स्टँडवर ठेवली होती, चाकं हवेत, भाऊ पेडल दाबून सोडून टेस्ट करत होता. त्याने पाय काढला आणि चाकं थांबेचनात. पूर्ण वेगात फिरत राहिली, पेडल मोकळं, थ्रॉटलची वायर उपटली तरी तेच. मी बॅटरीचा कनेक्टर ओढून काढला तेव्हा थांबली. कंट्रोलर उघडला तर मॉस्फेट, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, आतून शॉर्ट. मॉस्फेट जळतो तेव्हा बहुतेक वेळा असाच जळतो, तुटत नाही, जोडला जातो. म्हणजे गाडी बंद पडत नाही, फुल स्पीडला अडकते. त्या गाडीत दुसऱ्या दिवशी तीन वर्षांचा मुलगा बसणार होता. त्या रात्री आम्ही तिघं जेवलो नाही नीट.

पुढचे दोन महिने नवीन काम घेतलं नाही, आधी गेलेल्या सगळ्या गाड्या फोन करकरून परत बोलावल्या आणि बदलल्या. तेव्हापासून आमच्या प्रत्येक बॉक्समध्ये मॉस्फेटच्या आधी एक वेगळा रिले असतो, म्हणजे कॉइलला वीज मिळेल तोवरच जोडलेला राहणारा स्विच, आणि ती कॉइल कंट्रोलर चालवत नाही, गाडीचा मूळ मायक्रोस्विचच चालवतो, मध्ये फक्त एक साधा टायमर. पाय उचलला की एका सेकंदात रिले सुटतो, मग आतला प्रोग्राम अडकू दे नाहीतर मॉस्फेट जळू दे. दुसरं, थ्रॉटलच्या काळ्या वायरीचं. ती तुटली तर सिग्नल वर चढतो आणि कंट्रोलरला वाटतं पेडल पूर्ण दाबलंय. म्हणून आमचा प्रोग्राम ठरलेल्या पट्ट्याबाहेरचा सिग्नल आला, वर किंवा खाली, तर मोटर बंद करतो. आणि रिमोट असेल तर चाकं फिरत असताना रिमोटची बॅटरी काढून बघायची, गाडी थांबली पाहिजे. रिमोट बंद केल्यावर चालत राहणारी गाडी आमच्या टेबलावरून खाली उतरत नाही.

बॅटरीचं थोडक्यात. लेड ॲसिडवर ७ अँपअवर लिहिलेलं असतं ते वीस तासांत हळूहळू काढलं तर मिळतं, मोटर ओढते तसं ओढलं तर बरंच कमी, आणि अर्धवट उतरलेली तशीच महिनाभर ठेवली की ती गेली. आम्ही आता जास्त करून लिथियम आयर्न फॉस्फेट देतो, चार सेलची, १२.८ व्होल्ट, तिच्याच चार्जरसकट. वजन निम्म्याच्या आसपास येतं. एक तक्रार खूप यायची, लिथियम टाकल्यापासून पेडल दाबलं की गाडी एकदम बंद. बॅटरी चांगलीच असायची, मोटर सुटतानाचा करंट बघून आतल्या बीएमएसला, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटला, वाटायचं शॉर्ट झालं. वेग हळू चढवला की तक्रार संपली. परत तोच अर्धा सेकंद.

मला ज्या कामाचा सगळ्यात जास्त आनंद आहे ते मात्र आम्ही ठरवून सुरू केलेलं नाही. एक ताई आल्या, मुलगा तीन वर्षांचा, त्याला पायाने पेडल दाबता येत नव्हतं आणि मानेचा तोल राहत नव्हता. फिजिओथेरपीच्या मॅडमनी त्यांना सांगितलं होतं की अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात असताना कोल गॅलोवे यांनी गोबेबीगो म्हणून उपक्रम सुरू केला, अशाच खेळण्यातल्या गाड्या बदलून, पेडलच्या जागी मोठं बटण लावून, ज्या मुलांना स्वतः हलता येत नाही त्यांना देतात, कारण मूल स्वतःच्या मर्जीने इकडून तिकडे जायला लागलं की बाकीचंही शिकतं. त्यांनी दुसरीकडे बटण लावून घेतलं होतं पण उपयोग झाला नाही. कारण सांगायची गरजच नव्हती. बटण दाबलं की गाडी हिसका देऊन सुटायची, मुलाची मान मागे जायची, आणि दोन वेळा असं झाल्यावर तो बटणाला हात लावेना.

आम्ही पंजाएवढं रुंद गोल बटण स्टिअरिंगच्या मधोमध घेतलं, अशा स्विचना असतो तो साडेतीन एमएमचा जॅकच ठेवला म्हणजे पुढे डोक्याने किंवा कोपराने दाबायचा स्विच लागला तर तसाच जोडता येईल. रिमोटवर थांबवण्याचं बटण आईकडे. आणि वेग चढायला अर्धा नाही, दीड सेकंद. सीटला पाठ उंच केली, पट्टे मॅडमनी स्वतः बसून ठरवले.

त्याने पहिल्यांदा दाबलं तेव्हा मी गाडी बघतच नव्हतो, त्याची मान बघत होतो. गाडी हलली, मान जागेवर. त्याने हात काढला, गाडी हळूच थांबली. तो बटणाकडे बघत राहिला बराच वेळ, आई काही बोलणार होती पण मॅडमनी तिला हातानेच थांबवलं. मग त्याने परत दाबलं.

ती गाडी दर काही महिन्यांनी आमच्याकडे येते. मान धरता यायला लागली तसा मॅडम निरोप पाठवतात आणि मी वेळ थोडा कमी करतो. दीडचा सव्वा झाला, मग एक, गेल्या वेळी पाऊण केला.