आबांच्या सातच्या बातम्या आणि गाडीवरची छत्री

आमच्या आबांना संध्याकाळी सात वाजता सह्याद्री वाहिनीच्या बातम्या लागतात. सात म्हणजे सात. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. हात-पाय बऱ्यापैकी सावरले, माणसं ओळखतात, पण दिवेलागणीला परक्या जागी असले की बावरतात. "घरला कवा जायचं?" हे दर पाच मिनिटांनी सुरू होतं. घरी मात्र बातम्या लागल्या की खुर्चीत मागे टेकतात आणि जेवणाची वेळ होईपर्यंत निवांत असतात.

दादाने आणि मी मिळून जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली ती आई-आबांसाठीच. आत दोन पलंग, छोटा ओटा, संडास. नरसोबाच्या वाडीला, पंढरपूरला, कोकणात न्यायचं तर आबांना दर तासाला संडास हाताशी हवा आणि रात्री ओळखीचं अंथरूण हवं. टीव्हीचं काय, असं आईनेच पहिल्या दिवशी विचारलं होतं. मी म्हणाले, मोबाइल आहे की! हॉटस्पॉट लावू, त्यावर बातम्या दाखवू.

पहिल्याच फेरीत ते खोटं ठरलं. राधानगरी मागे टाकून दाजीपूरकडे चढायला लागलो आणि आमच्या दोन्ही सिमकार्डांची रेंज गेली. साडेसहापासून आबा दाराशी जाऊन उभे राहत होते. जंगलाच्या कडेला, अंधारात, त्यांचा हात धरून मी रात्री अकरापर्यंत बसले. परत आल्यावर ठरवलं, गाडीत उपग्रहावरून चालणारा टीव्ही बसवायचाच. पण तो कुठला, हे ठरवायला पुढे आठ महिने गेले.

सुरुवात भाच्यापासून झाली. तो टेक्सासमध्ये असतो. तिकडे अशा गाड्यांच्या टपावर पांढरा घुमट असतो, आत छोटी तबकडी असते आणि बटण दाबलं की ती आपली आपण उपग्रह शोधते. काही घुमट तर गाडी चालू असतानाही धरून ठेवतात. "मावशी, येताना घेऊन येतो," म्हणाला. आम्ही खूश. नशिबाने मी आधी वाचून काढलं. तिकडचे घुमट डायरेक्टीव्ही आणि डिश नेटवर्क या तिकडच्या सेवांसाठी बनवलेले. ते उपग्रह अमेरिकेच्या बाजूला, आपल्या क्षितिजाच्या खाली. शिवाय त्यांच्या लहरी गोल फिरत येतात, म्हणजे वर्तुळाकार ध्रुवीकरण, आणि आपल्याकडच्या डीटीएचच्या लहरी सरळ रेषेत, आडव्या किंवा उभ्या. तबकडीपुढचा एलएनबी, म्हणजे लहरी पकडणारा छोटा डबा, त्या त्या प्रकारासाठीच केलेला असतो. घुमटाच्या आतल्या यादीत आपला उपग्रह नसेल तर तो नुसताच गरगर फिरत राहणार. आपल्या उपग्रहांवर चालतील असे घुमटही मागवता येतात, पण मला सांगितलेली किंमत गाडीच्या आतल्या सगळ्या सुतारकामाएवढी होती. आणि आम्हाला चालत्या गाडीत टीव्ही नकोच होता. गाडी थांबल्यावर, सात वाजता, एवढंच.

मग सेवा कुठली? घरी पैसे भरून घेतलेलं डीटीएच आहे, आईच्या मालिका त्यावरच. गाडीसाठी दुसरं कनेक्शन घ्यावं असं दादाचं मत. मी हिशेब मांडला. गाडी महिन्यातून चार-पाच दिवस बाहेर, उरलेले दिवस दारात उभी, रिचार्ज मात्र महिन्याचा. आणि आबांना हवी ती वाहिनी दूरदर्शनची. डीडी फ्री डिश २००४ पासून आहे, तिला महिन्याचं भाडं नाही, बॉक्स आणि छत्री, म्हणजे डिशची तबकडी, एकदाच घ्यायची. भारताच्या महत्त्वाच्या क्रिकेट मॅचही त्यावर लागतात. २००७ च्या कायद्याने अशा मॅचचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ते फक्त दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणात आणि फ्री डिशवर दाखवता येतं. घरी डीडी स्पोर्ट्सवर मॅचच्या जागी पाटी का लागते, हे मला तेव्हा कळलं. आईच्या मालिका मात्र गेल्या. तिने ते एका वाक्यात मिटवलं, "चार दिवसानं काय बुडतंय?"

बॉक्स घेताना एक गोष्ट बघा. फ्री डिशवर काही वाहिन्या एमपीईजी-२ मध्ये येतात, काही एमपीईजी-४ मध्ये; चित्र दाबून पाठवायच्या या दोन पद्धती. जुना, स्वस्तातला बॉक्स दुसऱ्या प्रकारच्या वाहिन्या दाखवतच नाही. थोडे जास्त पैसे घालून दोन्ही चालणारा घ्यावा.

आता चूक सांगते. आम्ही छत्री टपावर बसवली. एका कारखान्यात साठ सेंटिमीटरची डिश बिजागरीच्या पायावर बसवून घेतली, प्रवासात आडवी पाडायची, थांबलं की उभी करायची. टपाच्या पत्र्याला सहा भोकं पडली. बोल्टभोवती सिलिकॉन भरलं होतं, वरून छान दिसत होतं. जुलैमध्ये गगनबावड्याला गेलो. ज्यांनी तिथला पाऊस पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. रात्री दोन वाजता आई उठली, उशी ओली. टॉर्च लावून पाहिलं तर सनमायकाच्या फटीतून थेंब थेंब पाणी येत होतं, बरोबर आबांच्या डोक्याच्या वर. रस्त्यात बिजागरी हलून हलून सिलिकॉन सुटलं होतं. दुसऱ्या दिवशी तसंच परतलो, गाद्या वाळवायला आठवडा गेला, प्लायवूड बदलावं लागलं. मला त्या कारखान्याचा राग आला, अजूनही आहे, कारण मी दोनदा विचारलं होतं आणि दोनदा "काय होत नाही" असं उत्तर मिळालं होतं. हलणारी वस्तू टपाला भोक पाडून बसवू नये, एवढं मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

पण पाणी गळलं नसतं तरी ती छत्री मी काढलीच असती. कारण सावली. एप्रिलमध्ये खिद्रापूरला गेलो होतो. कोपेश्वराचं मंदिर आबांना दाखवायचं होतं. दुपारी गाडी कडुलिंबाखाली लावली, आत बसवत होतं. संध्याकाळी टीव्ही लावायला छत्री उभी केली तर सिग्नल शून्य, डोक्यावर सगळा पाला. टीव्ही हवा तर गाडी उन्हात, सावली हवी तर टीव्ही नाही. पत्रा तापलेल्या गाडीत म्हाताऱ्या माणसाला बसवून बातम्या कशाच्या दाखवायच्या? त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की छत्री आणि गाडी एकमेकांपासून सुटी हवीत. गाडी झाडाखाली राहील, छत्री दहा मीटर लांब, मोकळ्यावर.

मग कोल्हापुरातल्या उद्यमनगरात एका वेल्डिंगवाल्याकडे गेले. तीन पायांचा घडीचा स्टँड, मधे सरळ पाइप, खाली पाण्याचा कॅन अडकवायला हूक, वाऱ्यात उलटू नये म्हणून. "ताई, पाय लांबडं करूया, बुटकं ऱ्हाऊ दे, मग वारं काय करत न्हाई," असं त्याने स्वतःहून सुचवलं आणि ते अगदी बरोबर निघालं. छत्री या खेपेला पंचाहत्तर सेंटिमीटरची घेतली. डीटीएचच्या लहरी मोठ्या पावसात दबतात. मोठी तबकडी जास्त गोळा करते, त्यामुळे मध्यम पावसात चित्र टिकतं. धो धो पावसात कुठलीच टिकत नाही, तेव्हा आम्ही आधी भरून ठेवलेली भजनं लावतो. स्टँड, छत्री, एलएनबी, बॉक्स, पंधरा मीटर केबल, सगळं मिळून साडेचार हजारांत झालं. केबल आत घ्यायला टपाला हात लावला नाही. मागच्या दाराच्या रबराखालून चपटी पट्टी घातली.

विजेचं थोडक्यात. टीव्ही थेट बारा व्होल्टवर चालणारा, चोवीस इंची घेतला. इन्व्हर्टर लावला की तो स्वतःच बॅटरी खात बसतो. टीव्ही आणि बॉक्स मिळून चाळीस वॅटच्या आसपास, म्हणजे दोन तासांना सात अँपिअर-अवर. आमची शंभरची बॅटरी हे सहज पेलते. इंजिन चालू असताना व्होल्ट चौदाच्या वर जातात, म्हणून मधे बारावर बांधून ठेवणारा छोटा कन्व्हर्टर घातला.

आता छत्री लावायची कशी, कारण लोक इथेच कंटाळून सोडून देतात. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. कोल्हापूर ७४ अंशांच्या जवळ. म्हणजे तो आपल्या आग्नेयेला दिसतो, होकायंत्रावर साधारण १३० अंशांना, आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर. हे वर असणं आपल्या फायद्याचं आहे. करूळ घाट उतरून कोकणात गेलो तेव्हा मला धास्ती होती की पूर्वेला सह्याद्रीची भिंत आडवी येईल. नाही आली, अगदी पायथ्याला चिकटून थांबलो नव्हतो म्हणून. छत्रीचं तोंड जिकडे वाटतं त्याहून तिची नजर बरीच वर असते, कारण एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे समोरच्या कुंपणाला घाबरू नका, वरच्या फांदीला घाबरा.

मोबाइलचं होकायंत्र गाडीजवळ धरलं की लोखंडामुळे वेडंवाकडं दाखवतं. मी पहिल्या दोन संध्याकाळी चाळीस-चाळीस अंशांनी चुकले ते यामुळेच. गाडीपासून दहा पावलं लांब जाऊन दिशा बघायची, तिथे जमिनीवर काठीने रेघ मारायची आणि छत्री त्या रेघेवर लावायची. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, ताकद आणि गुणवत्ता. ताकदीची पट्टी चुकीच्या उपग्रहावरही भरते, तिच्याकडे बघू नये. गुणवत्तेची पट्टी हलली की थांबायचं, मग केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे. छत्री फिरवली की दोन श्वास थांबा, बॉक्सला वेळ लागतो. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा थोडा फिरवून बघायचा. आमचा बऱ्यापैकी तिरका बसतो.

उंचीचा कोन मात्र दर वेळी शोधावा लागत नाही. कोल्हापूर, पंढरपूर, गोवा, गणपतीपुळे, सगळीकडे एखाद्या अंशाचाच फरक पडतो. एकदा घराच्या गच्चीवर नीट जुळवून घेतला आणि नटच्या बाजूला माझ्या लाल नेलपॉलिशने बारीक रेघ ओढली. आता नट त्या रेघेवर आवळायचा आणि फक्त डावं-उजवं शोधायचं. अट एकच, मधला पाइप अगदी उभा हवा. तो ओळंब्यात नसेल तर रेघेचा काही उपयोग नाही.

त्यासाठी गवंड्याची छोटी पाणसळ घेतली. नरसोबाच्या वाडीला घाटाच्या वरच्या मोकळ्या जागेत मी पाय खालीवर करत होते. आबा खुर्चीतून बघत होते. ते साखर कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. अचानक उठून आले, पाणसळ माझ्या हातातून घेतली, पाइपला लावली, आधी एका बाजूने, मग पाव फेरी सोडून दुसऱ्या बाजूने. "ह्यो पाय दोन सूत वर घे." घेतला. "थांब. आता बुडबुडा मधी आला." सात वाजायला बारा मिनिटं होती. गुणवत्तेची पट्टी पहिल्याच फिरवण्यात भरली.

तेव्हापासून साडेसहा वाजले की पाणसळ ते स्वतः मागून घेतात. ती आता त्यांच्या उशाशीच असते, चष्म्याच्या डबीशेजारी.