कुकर, तवा आणि परात

रविवार, रात्र

पुण्यात मेस लावलेल्या कुणालाही विचारा: रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. दुपारी कितीही आडवा हात मारला तरी रात्री आठला भूक लागायची ती लागतेच. मग टिळक रोडपासून नव्या पेठेपर्यंत वडापाव, मॅगी, अंडाभुर्जीच्या गाड्यांवर झुंबड. शंभराची नोट कधी मोडली ते कळत नाही.

मी आणि रूममेटने दिवाळीनंतर मेस सोडली ती यामुळेच. महिन्याचे 3000 आगाऊ भरायचे, सलग तीन दिवसांचा खाडा असेल तरच पैसे वजा, आणि रविवारची रात्र आपली आपण बघायची. बाबा आडतीवर सोयाबीन घालून पैसे पाठवतात. यंदा भाव काय लागला ते मला माहीत आहे. न जेवलेल्या जेवणाचे पैसे द्यायचं अगदी जिवावर यायचं.

आज पिठलं-भाकरी केली. बेसन पाण्यात कालवून ओतलं तरी पिठलं होतं, पण आमच्याकडे लातूरला आई वैरते, म्हणून मीही वैरते. तेलात मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेली मिरची-लसूण, मग कांदा, हळद, मीठ आणि पाणी. पाणी खळखळून उकळायला लागलं की डाव्या हाताने बेसन भुरभुरत राहायचं आणि उजव्या हातातली पळी थांबू द्यायची नाही. पीठ एकदम पडलं की गुठळी झालीच म्हणून समजा. मग आच कमी करून झाकण. आधी पिठलं नुसतं फदफदतं, मग बुडबुडे जड होत जातात, कडेला तेल दिसू लागतं आणि बेसनाचा कच्चा वास जाऊन लसणाचा वास वर येतो. तेव्हा झालं. एक वाटी बेसनात दोघींचं जेवण होतं. थोडं मुद्दाम उरवतो, कारण सकाळी ते घट्ट झालेलं पिठलं शिळ्या भाकरीबरोबर मला ताज्यापेक्षा जास्त आवडतं.

भाकरी मात्र इथे वेगळी करावी लागते. वाडा जुना, जिना-माडी लाकडी, त्यामुळे घरमालकीण काकूंनी गॅसला परवानगी दिलेली नाही, आणि ते बरोबरच आहे. इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियमचा तवा तापत नाही, सपाट बुडाचा लोखंडी लागतो. जाळ नाही म्हणजे भाकरी शेकायला विस्तव नाही. म्हणून पाणी फिरवलेली बाजू सुकली की उलटायची, खालून भाजली की पुन्हा उलटून फडक्याने कडेकडेने दाबत जायचं. सगळीकडे सारखी थापलेली असेल तर टम्म फुगते.

सगळा खेळ पिठाचा. गावाहून आणलेलं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी परातीतच चिरते. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, तिला धरून ठेवतं ते गरम पाण्याने चिकट झालेलं पिठातलं पिष्ट. म्हणून जुन्या पिठाला उकळतं पाणी घालून उकड काढायची आणि तळहाताने रगडून रगडून मळायचं. आता मी पीठ आणतच नाही. ट्रॅव्हल्सने ज्वारी येते, ती लागेल तशी दोन-दोन किलो दळून आणते.

काकूंनी आमच्या खोलीला सबमीटर बसवलाय, म्हणून विजेचा हिशेब डोक्यात पक्का आहे. 1200 वॉटवर 20 मिनिटं म्हणजे 0.4 युनिट. डाळ अर्धा तास आधी भिजवली की शिट्ट्या कमी लागतात. शेवटच्या शिट्टीनंतर बटण बंद करायचं आणि कुकर आपणहून पडू द्यायचा, आतली वाफ उरलेलं शिजवते. वरण आणि भात एकाच कुकरमध्ये, दोन डब्यांत.

बुधवार

संध्याकाळी लेक्चर संपल्यावर मंडईत. सकाळी भाजी छान मिळते, पण आम्हाला परवडते ती रात्रीची. दिवेलागणीनंतर पालेभाजीवाल्या मावशी वाटे लावतात, शिल्लक घरी न्यायची नसते. आज मेथीच्या दोन जुड्या एकीच्या भावात मिळाल्या. वर "घे गं बाळा" म्हणत मावशींनी मूठभर मिरच्या पिशवीत टाकल्या. 1886 सालची ती दगडी इमारत, तिचा मनोरा, आणि आत भाजीवाल्यांचे उंच ओटे. पुण्यात मला सगळ्यात आपली वाटते ती हीच जागा.

मेथी आजच निवडून ठेवली. पालेभाजी निवडायचा कंटाळा केला की ती सडते, आणि मग स्वस्तात घेतल्याला काही अर्थ राहत नाही. आमच्या खर्चाचं खरं मर्म तिथेच आहे. स्वस्त काय मिळतं याच्यापेक्षा आदल्या रात्री काय करून ठेवलं यावर महिना तरतो. कूट तयार असेल, मटकीला मोड आलेले असतील, तर कितीही दमून आलं तरी पंधरा मिनिटांत जेवण होतं. काहीच तयार नसलं की पाय आपोआप गाडीकडे वळतात.

मटकी पाव किलो आणली तरी मोड आल्यावर अर्ध्या किलोच्या वर भरते. सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून ओल्या फडक्यात गच्च बांधायची. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच मोड दिसतात, थंडीत आणखी एक दिवस लागतो, तेव्हा पुरचुंडी बंद कुकरमध्ये ठेवते. एक दिवस उसळ, एक दिवस मिसळीसारखा पातळ रस्सा, उरलेली भातात.

भाजी नसेल त्या दिवशी येसर. धान्य, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून दळलेलं हे पीठ आई बरणी भरून देते. लसणाची फोडणी, पाणी, उकळी आली की येसर, बास. त्या आमटीत भाकरी कुस्करली की मी थेट घरच्या ओट्यावर जाऊन बसते. रूममेट जळगावची. तिची खिचडी तुरीच्या डाळीची, ताटात वाढल्यावर वरून लसणाची कडकडीत फोडणी. आधी मला मुगाच्या खिचडीशिवाय चालायचं नाही, आता शनिवारी मीच तिला म्हणते, अगं, तुझी खिचडी टाक ना.

मेथीची भाजी काकूंना वाटीभर देऊन आले. त्या सांगत होत्या, त्यांचे सासरे कोकणातून शिकायला आले तेव्हा वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्या वाराला घर मिळालं नाही त्या दिवशी उपाशी. गरीब मुलं माधुकरी मागायची, म्हणजे घरोघरी जाऊन शिजवलेलं अन्न मागून आणायची. 1909 साली सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलंसुद्धा अशीच माधुकरी आणून शिकली. ऐकताना जीव हलला. त्या घरांनी किती मुलं शिकवली! पण ती दारं ठरावीक जातींच्या मुलांनाच उघडी होती, आणि मुलीला तर कुणी वार दिला नसता. आज मी माझ्या खोलीत, माझ्या परातीत भाकरी थापते, हे मला फार मोठं वाटतं. काकूंनाही मी ते तसंच सांगितलं. त्यांनी वाटी रिकामी परत दिली नाही, लिंबाचं लोणचं घातलं.

शुक्रवार

खालच्या खोलीत यंदा आलेली परभणीची मुलगी आज विचारायला आली होती, ताई, मेस सोडली तर जमेल का? रोज सकाळी चहा-बिस्किटावर कॉलेजला जाते, अकरा वाजता डोकं दुखतं म्हणाली. चेहरा उतरलेला. मला वाईट वाटलं, कारण इथे अभ्यासिकेत रात्री बारापर्यंत बसणाऱ्या कितीतरी मुली अशाच निम्म्या पोटाने बसतात, आणि घरी फोनवर "जेवले गं आई" म्हणतात.

तिला म्हटलं, आधी नुसता नाश्ता सुरू कर. रात्री मूठभर शेंगदाणे आणि हरभरे भिजत घाल, सकाळी गुळाच्या खड्याबरोबर खा. त्याला शेगडीही लागत नाही. पोहे जमले की मेस एका वेळची कर. भांड्यांवर पैसे घालवू नकोस. इंडक्शनवर चालणारा तीन लिटरचा कुकर, लोखंडी तवा आणि परात एवढं पुष्कळ झालं. आणि एकटीसाठी रोज रांधायचा उत्साह टिकत नाही, तेव्हा कुणीतरी जोडीला घे.

ती म्हणाली, माझी रूममेट जेवणाला हो म्हणेल, पण भांडी घासायला नाही. मग आमच्यात ये म्हटलं. तिघींची कणीक एकदम भिजवायला फारसा जास्त वेळ लागत नाही. भांड्यांची पाळी लावून घेऊ, किराणा तीन वाट्यांनी. रूममेटला विचारलं, तिची एकच अट: शनिवारची खिचडी तिचीच.

उद्या संध्याकाळी तिला मंडईत नेते. येताना गिरणीही दाखवायची आहे, ज्वारी दोनच किलो उरलीय.