मायसोबत बेगमपुऱ्यात

दोन महिन्यांपासून मायला म्हणायलो होतो की एकदा परभणीवरून ये, तुला छत्रपती संभाजीनगरातला (म्हणजे औरंगाबादेतला) आमचा हा बेगमपुऱ्याचा भाग पायी दाखवतो, तर परवा आली. येणारे पाहुणे बीबी का मकबरा बघतात आणि तिथूनच वेरूळला पळतात, मला खरंच वाईट वाटतं.

सुरुवात पाणचक्कीपासून केली, म्हणजे पाण्यावर चालणारी पिठाची चक्की. हर्सूलकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून मातीच्या पाइपांतून इथवर आणलंय, मग ते उंच भिंतीवर चढतं आणि वरून हौदात पडतं, त्या धारेच्या जोरावर खाली चक्की फिरायची. ना बैल ना माणूस. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांसाठी इथं दळण व्हायचं. माय लहानपणी पहाटे उठून जात्यावर दळायची, तिचा हात दुखायचा ते अजून सांगते. ती त्या चक्कीजवळून हलेचना. "इतकं डोकं चालवलं रे बाबा, आमच्या गावात कामून नाही केलं कोणी असं?" म्हणली. मग हौदाच्या काठी वडाखाली अर्धा तास बसलोत, मीपण घाई केली नाही.

हे शहर १६१०मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबरनं वसवलं, तेव्हा नाव खडकी, आणि खडकाळ जागेत पाणी कसं आणायचं याचा विचार पण त्यानंच आधी केला, नहर-ए-अंबरी, म्हणजे जमिनीखालून शहरात पाणी आणणारी नहर, त्याचीच.

मकबरा पटकन बघितला, गर्दी लई होती. खाली संगमरवर, मधी चुन्याचा गिलावा, घुमट परत संगमरवरी, हे मायनं स्वतः ओळखलं. तिथून रिक्षानं सोनेरी महल. भिंतीवरच्या सोनेरी चित्रांमुळं हे नाव पडलं, आता आत राज्य सरकारचं म्युझियम आहे, मूर्ती, जुनी मातीची भांडी वगैरे. माणसं आम्ही धरून पाच! इतकं चांगलं ठिकाण आणि रिकामं, काळजाला लागतं.

परतताना नागसेनवन या कॉलेजच्या परिसरात थांबलो. बाबासाहेबांनी १९५०मध्ये इथं कॉलेज सुरू केलं, तेच पुढं मिलिंद कॉलेज झालं. आमच्या खेड्यातून शिकायला बाहेर पडलेले पहिले म्हणजे आमचे बाबा, ते इथंच शिकले. माय लग्नानंतर एवढी वर्षं नाव ऐकत होती, बघितलं आत्ता. झाडाखाली उभी राहून विचारलं, "ह्यांचं होस्टेल कोणत्या बाजूला होतं?" मला सांगता आलं नाही, मग तिथल्या एका म्हाताऱ्या काकांना विचारलं आणि ते आम्हाला सोबत घेऊन चालत निघाले.