गोल्डवॉटर यांचं ते एक मत

अमेरिकेतल्या उजव्या राजकारणाबद्दल वाचताना मी पुन्हापुन्हा बॅरी गोल्डवॉटर यांच्यापाशी येऊन थांबतो. ॲरिझोनाचे हे रिपब्लिकन सिनेटर आधी 1953 ते 1965 आणि मग 1969 ते 1987 सिनेटमध्ये होते. सरकारने लोकांच्या व्यवहारात नाक खुपसू नये, हा त्यांचा हेका.

कृष्णवर्णीयांना समान हक्क देऊ पाहणाऱ्या 1957 आणि 1960 च्या नागरी हक्क कायद्यांच्या बाजूने त्यांनी मत दिलं. 19 जून 1964 ला मात्र सिनेटने हॉटेलांत आणि नोकऱ्यांत वंशभेदाला बंदी घालणारा मोठा नागरी हक्क कायदा 73 विरुद्ध 27 मतांनी मंजूर केला, तेव्हा हे विरोधात! हॉटेलमालकाने कुणाला आत घ्यावं, कारखानदाराने कुणाला कामावर ठेवावं, हे वॉशिंग्टनने ठरवू नये, असं त्यांचं म्हणणं. माणूस वंशद्वेष्टा होता असं मला वाटत नाही. पण ज्याला दारातूनच हाकललं जात होतं, त्याला या तात्त्विक शुद्धतेचा काय उपयोग? विरोधात मत देणारे रिपब्लिकन अवघे सहा होते. त्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार म्हणून गोल्डवॉटर यांना मिळाली ती सहा राज्यं : स्वतःचं ॲरिझोना आणि दक्षिणेतली पाच. दक्षिणेतल्या गोऱ्या मतदारांना ते मत बरोब्बर कळलं होतं.

1954 मध्ये, कम्युनिस्ट असल्याचे बेछूट आरोप करत सुटलेले सिनेटर मॅकार्थी यांच्या निषेधाच्या ठरावालाही त्यांचा विरोधच होता. ऑगस्ट 1974 मध्ये मात्र वॉटरगेट प्रकरणात अडकलेले स्वपक्षाचे अध्यक्ष निक्सन यांना तोंडावर ‘सिनेटमध्ये तुमच्यामागे मतं उरलेली नाहीत’ हे सांगायला गेलेल्या तिघांत तेही होते. उतारवयात तर गर्भपात आणि समलिंगी सैनिकांच्या प्रश्नावर त्यांनी स्वपक्षातल्या धर्मवाद्यांनाच अंगावर घेतलं. तत्त्व तेच, फक्त चटका बसणारे बदलले.